जुनी गाडी घेताना : पीयूसीचा दाखला आणि इंजिनाची ‘तयारी’



भाजीपाला, फुले, दूध किंवा रोपे स्वतःच्या वाहनातून बाजारात नेली म्हणजे भाड्याचा खर्च वाचतो आणि माल हव्या त्या वेळी पोचतो. नवे पिकअप घेण्याइतके भांडवल मात्र प्रत्येकाकडे नसते. त्यामुळे बरेच शेतकरी पुण्यासारख्या शहरातून सेकंड हँड गाडी घेतात. गाडी पाहताना आपण टायर, चेसिसचा गंज, तेलाची गळती व इंजिनाचा आवाज पाहतो, आरसी बुक आणि विमा पाहतो, आणि शेवटी पीयूसीचा म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला पाहतो. दाखला ताजा असला आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा पेटलेला नसला, की इंजिनाच्या बाजूने काळजी नाही असे समजून सौदा केला जातो.

अलीकडच्या गाड्यांच्या बाबतीत ही समजूत महागात पडते. या गाड्यांमध्ये इंजिनावर व धुरावर लक्ष ठेवणारा एक लहान संगणक असतो. त्यातील दोषांची नोंद पाच मिनिटांत पुसता येते. नोंद पुसल्यावर दिवा विझतो, आणि काही काळ आजारी गाडीसुद्धा निरोगी दिसते. हा काळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे, परंतु ती फारच थोडे ग्राहक पाहतात. सदर लेखात त्या खुणेविषयी माहिती दिली आहे.

कृषिविद्येच्या शिक्षकाने मोटारीवर लिहावे याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु माती परीक्षणाविषयी जे आम्ही वारंवार सांगतो, तेच येथेही लागू पडते. शेतात नुकतेच खत टाकले असेल तर दोन-अडीच महिने मातीचा नमुना घेऊ नये, असे आपण सांगतो. प्रयोगशाळा चुकीचे मोजते म्हणून हे सांगावे लागत नाही. नमुनाच खोटे बोलतो म्हणून सांगावे लागते. गाडीच्या संगणकाचेही असेच आहे.

पीयूसीत काय दिसते, काय दिसत नाही

पीयूसीची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ मध्ये आहे. पहिल्या नोंदणीनंतरचे एक वर्ष संपल्यावर प्रत्येक वाहनाजवळ हा दाखला असावा लागतो. भारत स्टेज ४ आणि ६ (यापुढे बीएस-४ व बीएस-६ असे म्हटले आहे) च्या गाड्यांना तो वर्षभर चालतो, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून धुराच्या मर्यादेचा भंग करणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते.

तपासणी मात्र साधी आहे. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजतात. बीएस-४ पासूनच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे २५०० ठेवून पुन्हा मोजले असता कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. डिझेल गाडीत गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, ॲक्सिलरेटर एकदम दाबतात आणि धूर किती प्रकाश अडवतो ते मोजतात. हार्ट्रिज एककात जुन्या डिझेल गाड्यांना ६५ आणि बीएस-४ गाड्यांना ५० ही मर्यादा असून बीएस-६ साठी ती आणखी खाली आहे.

या पद्धतीत दोन गोष्टी सुटतात. पहिली, गाडीवर ओझे नसते. एक टन कांदा भरून कात्रजचा घाट चढताना इंजिन काय करते हे उभ्या गाडीवरून कळत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. नव्या डिझेल गाडीतील सर्वांत महाग व नाजूक यंत्रणांपैकी काही केवळ हे ऑक्साइड कमी करण्यासाठी असतात. त्यांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह येतो, आणि काही गाड्यांत युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणाही येते. त्या बंद पडल्या तरी धूर काळा होईलच असे नाही. त्यामुळे पीयूसी मिळते, आणि दोष गाडीतच राहतो.

वेताळ टेकडीवरची तपासणी

कोथरूडला लागून असलेल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरावयास जाणारे पुणेकर ‘एआरएआय टेकडी’ असे म्हणतात, ते तेथील संस्थेमुळे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी ते नियमांत बसते की नाही हे तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार देशातील ज्या थोड्या संस्थांना आहे, त्यांपैकी ही एक होय. येथे गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ चालवतात आणि बाहेर पडणारा सगळा वायू गोळा करून मोजतात. पीयूसी केंद्रातील नळी आणि ही प्रयोगशाळा यांत शेतकऱ्याच्या हातातील पीएच कागद आणि विद्यापीठाची मृद् प्रयोगशाळा यांच्याएवढा फरक आहे.

गाडीच्या संगणकाचीही परीक्षा अशा प्रमाणपत्राच्या वेळी होते. मुद्दाम निकामी केलेला कन्व्हर्टर बसवून, किंवा एखाद्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम चुकवून गाडी चालवतात आणि चालकापुढचा दिवा वेळेत पेटतो की नाही ते पाहतात. म्हणजे तो दिवा सजावटीचा नाही. त्याने कोणत्या दोषावर पेटावे हे नियमाने ठरलेले आहे.

या यंत्रणेला ओबीडी म्हणतात. चारचाकी गाड्यांत ती आपल्याकडे बीएस-४ बरोबर आली. पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि अधिक कडक असा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. येथे जुनी गाडी घेणाऱ्याने एक बाब ध्यानात ठेवावी. २०१० मध्ये बीएस-४ प्रथम तेरा शहरांपुरते लागू झाले होते, आणि त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे होती. संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. त्यामुळे २०१२ सालची पुण्यात नोंदलेली गाडी बीएस-४ आणि त्याच वर्षाची, त्याच नावाची, दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली गाडी बीएस-३ असू शकते. आरसीवरील नोंद पाहूनच खात्री करावी. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या सर्वत्र बीएस-६ च्या आहेत.

प्रयोगशाळेची परीक्षा उत्तीर्ण झालेली गाडी रस्त्यावरही तशीच वागते असे मात्र समजू नये. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले, तेव्हा असे दिसले की गाडीच्या संगणकाला आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता येत होते. तेवढ्यापुरता तो धूर आवरून धरी. त्यानंतर एआरएआयने भारतातील गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मोठा कारखाना संगणकाला खोटे बोलावयास शिकवू शकतो, तर जुन्या गाडीचा विक्रेता त्याला निदान विसरावयास लावू शकतो. ते काम फार सोपे आहे.

‘तयार’ आणि ‘तयार नाही’

संगणक सगळ्या गोष्टी सतत तपासत नाही. ठिणगी चुकणे, इंधनाचे प्रमाण आणि तारांचे जोड यांवर त्याचे लक्ष इंजिन चालू असेपर्यंत असते. परंतु कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर, डिझेल गाडीतील काजळीचा फिल्टर (डीपीएफ) या गोष्टी योग्य परिस्थिती आली तरच तपासल्या जातात. इंजिन पूर्ण गार असताना सुरू झाले पाहिजे, मग पूर्ण गरम झाले पाहिजे, काही मिनिटे एकसारख्या वेगाने चालले पाहिजे, मध्येच पाय काढून गाडी आपोआप हळू झाली पाहिजे. अशी परिस्थिती जुळली की संगणक एकेक तपासणी उरकतो आणि तिच्यापुढे ‘रेडी’ म्हणजे तयार अशी खूण करतो. तोपर्यंत तेथे ‘नॉट रेडी’ किंवा ‘इनकम्प्लीट’ असते.

शेतकऱ्याला हे समजावयास कठीण नाही. पाऊस झाला म्हणून त्याच दिवशी कोणी पाभर जुंपत नाही. वाफसा यावा लागतो. वाफसा आलेला नाही याचा अर्थ जमीन वाईट आहे असा नाही, आणि ती चांगली आहे असाही नाही. ‘नॉट रेडी’चा अर्थ तेवढाच आहे. संगणकाने अजून पाहिलेले नाही. दोष सापडला नाही आणि दोष नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत.

आता स्कॅनर लावून दोषांची नोंद पुसली, की नोंदीबरोबर या सर्व खुणाही पुसल्या जातात आणि सगळे पुन्हा ‘नॉट रेडी’ होते. पुष्कळ गाड्यांत बॅटरीची तार काढून ठेवली तरी हेच घडते. दिवा विझतो, नोंद कोरी होते, आणि दोष पुन्हा पकडला जाईपर्यंत गाडी विकून मोकळे होता येते. त्यातही अनेक दोषांच्या बाबतीत संगणक पहिल्यांदा दोष दिसताच दिवा पेटवत नाही. तो दोष ‘पेंडिंग’ म्हणून टिपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तरच दिवा लावतो. विक्रेत्याला त्यामुळे आणखी एक-दोन दिवस मिळतात.

अमेरिकेत हीच पळवाट तपासणीच्या नियमातच अडवलेली आहे. कोथरूडमधील पुष्कळ घरांतील मुले-मुली न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात आहेत, त्यांना याचा अनुभव येतो. तेथे १९९६ पासूनच्या मोटारींना ही यंत्रणा असते आणि धुराच्या तपासणीत संगणकाशी तार जोडून खुणा वाचल्या जातात. केंद्रीय मार्गदर्शनाप्रमाणे १९९६ ते २००० च्या पेट्रोल गाड्यांत दोन आणि २००१ पासूनच्या गाड्यांत एकच खूण अपुरी चालते. त्याहून अधिक असतील तर एकही दोष नोंदलेला नसला, दिवा विझलेला असला, तरी गाडी परत पाठवतात. नवखा विद्यार्थी स्वस्तात जुनी मोटार घेतो, बॅटरी बदलून दुसऱ्या दिवशी तपासणीला जातो आणि नापास होऊन येतो. त्याला वाटते हा अन्याय आहे. खरे पाहता ती तपासणी गाडी विकत घेणाऱ्याच्याच बाजूची आहे. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून याही पुढे जाऊन, स्कॅनरने पुसता न येणाऱ्या दोषांच्या नोंदीही २०१० व त्यानंतरच्या गाड्यांत पाहण्यास सुरुवात केली.

आपल्या पीयूसीत सायलेन्सरमधील धूर मोजला जातो. म्हणून ‘नॉट रेडी’ पाहण्याचे काम ग्राहकाने स्वतः करावयाचे आहे.

एका सौद्याची हकिकत

माझे एक चुलत बंधू भोर तालुक्यात भात आणि भाजीपाला करतात. मार्केट यार्डात माल आणण्यासाठी त्यांना बीएस-६ डिझेल पिकअप हवे होते. कोथरूडमध्ये पौड रस्त्याच्या बाजूला एका विक्रेत्याकडे गाडी पाहावयास आम्ही दोघे गेलो. गाडी धुऊन पुसून ठेवलेली, टायर बरे, दाखला आदल्याच दिवशीचा.

‘साहेब, कालचीच पीयूसी आहे, अजून काय पाहिजे?’ विक्रेते म्हणाले.

मी स्टिअरिंगखालच्या जोडात स्कॅनर लावला. दोष शून्य. खाली खुणांच्या यादीत ईजीआर, डीपीएफ आणि धुराचा सेन्सर या तिन्हींपुढे ‘इनकम्प्लीट’. त्याखालची ओळ अधिक बोलकी होती. नोंद पुसल्यापासून गाडी चाललेले अंतर : ६ किलोमीटर. गाडीच्या मीटरवर मात्र लाखाच्या वर आकडा होता.

दादांनी विचारले, ‘म्हणजे खराब आहे का?’ मी म्हटले, ‘दादा, तसं म्हणता येत नाही. सहा किलोमीटरपूर्वी कोणीतरी पाटी पुसली, एवढंच कळतंय.’ विक्रेत्यांचे म्हणणे असे, की बॅटरी बदलली होती. तसे असू शकते. बॅटरी बदलणे हा गुन्हा नाही. म्हणून आम्ही गाडी महामार्गावर नेण्याची परवानगी मागितली आणि डिझेल आमच्या पदरचे घातले. त्यांनी एक माणूस बरोबर दिला.

चांदणी चौकातून बाह्यवळण रस्त्याने कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड-शिवापूरपर्यंत गेलो. जेथे वाहतूक मोकळी होती तेथे साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगाने चालवली, उतारावर पाय काढून घेतला. तेथे चहा घेऊन, इंजिन बंद करून, पुन्हा सुरू करून परतलो. दिवा पेटला नाही. परंतु कोथरूडला येऊन स्कॅनर लावला तेव्हा ‘पेंडिंग’ सदरात पी ०४०१ हा आकडा होता, म्हणजे ईजीआरमधून धूर पुरेसा वाहत नाही. कारण किरकोळही असते आणि मोठेही. काजळी साचलेला व्हॉल्व्ह साफ करून काम भागते, किंवा वाटेत कोणीतरी पत्रा बसवून तो बंद केलेला असतो. गाडी उघडून पाहू देण्यास विक्रेते तयार झाले नाहीत. दादांनी ती सोडून दिली. महिनाभराने दुसरे पिकअप मिळाले, ते थोडे महाग होते.

गाडी पाहताना करावयाच्या गोष्टी

प्रथम किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, दिव्यांकडे पाहावे. ‘चेक इंजिन’चा दिवा या वेळी पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो पेटत नसेल, तर तो जळालेला आहे, काढलेला आहे किंवा मागून चिकटपट्टी लावून झाकलेला आहे. दिवा न पेटणे हे अशा वेळी वाईट लक्षण होय. या एका निरीक्षणाला पैसा लागत नाही.

त्यानंतर स्कॅनर. मोबाइलला जोडणारे साधे स्कॅनर काहीशे रुपयांपासून मिळतात. चांगले अधिक किमतीचे असतात. गावात एका गटाने मिळून एक घ्यावा किंवा ओळखीच्या फिटरला बरोबर न्यावे. सोळा पिनांचा जोड बहुधा चालकाच्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डखाली असतो. फक्त दोष वाचून थांबू नये, कारण विक्रेत्याला आपण तेवढेच पाहावे असे वाटत असते. पेंडिंग दोष पाहावेत, ‘रेडिनेस’ची यादी पाहावी, आणि नोंद पुसल्यापासूनचे अंतर व इंजिन गरम झाल्याच्या फेऱ्या गाडी दाखवत असेल तर ते आकडे टिपून घ्यावेत. सगळ्या खुणा ‘रेडी’, अंतर काही हजार किलोमीटर आणि दोष शून्य, अशी गाडी असेल तर तिच्या संगणकाच्या सांगण्याला वजन आहे. दोनपेक्षा अधिक खुणा अपुऱ्या आणि अंतर शंभराच्या आत असेल तर एक तर लांब फेरी मारून पुन्हा वाचावे, नाहीतर किमतीत दुरुस्तीचा खर्च धरूनच बोलावे. संबंधित सुट्या भागांची किंमत आधी अधिकृत सेवा केंद्रात विचारून ठेवावी. गॅरेजवाल्याच्या अंदाजावर सौदा करू नये.

यादीत काही नावांपुढे ‘लागू नाही’ असेही येते. ज्या गाडीत ती यंत्रणा मुळातच नाही तेथे हे योग्यच आहे. परंतु बीएस-६ डिझेल गाडीला डीपीएफ असूनही संगणक ‘लागू नाही’ म्हणत असेल, तर कोणीतरी त्याचा कार्यक्रम बदलला असण्याचा संशय घ्यावा. फिल्टर आतून पोकळ करून संगणकाला तो विसरावयास लावणारे कारागीर आहेत. असे काम सफाईने केलेले असेल तर स्कॅनरवर सर्व काही हिरवे दिसते. तेथे गाडी वर घेऊन डोळ्यांनीच पाहावे लागते.

शेतावरच्या गाडीचे वेगळे दुखणे

गाडी प्रामाणिकपणे विकलेली असली तरी खुणा पूर्ण न होण्याचे आणखी एक कारण शेतकऱ्याच्या बाबतीत संभवते. गाडी मळ्यातून डेअरीपर्यंत तीन किलोमीटर जाते, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि परत येते. इंजिन नीट गरमच होत नाही. अशा वापरात संगणकाच्या तपासण्या राहून जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साचत जाते. ही काजळी जाळण्यासाठी फिल्टरमध्ये सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते काही वेळ टिकावे लागते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारखी चालवावी. फिल्टरचा दिवा लागल्यावर गाडी बंद करून उभी करण्याची सवय पुष्कळांना आहे. काजळी जळत असताना मध्येच इंजिन बंद केल्याने काम अर्धवट राहते. ट्रॅक्टरसाठी आणलेले इंजिन ऑइल अशा पिकअपमध्ये ओतू नये. फिल्टरच्या गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते, ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. काजळी जळून जाते, राख जळत नाही.

आता युरियाविषयी. काही डिझेल वाहनांत धुरावर डीईएफ नावाचे द्रावण फवारले जाते. त्यात ३२.५ टक्के युरिया व उरलेले क्षारविरहित पाणी असते. हे वाचून कोणाच्याही मनात येईल की गोठ्यात पोती पडलीच आहेत, मग बादलीत घोळून टाकीत ओतण्यास काय हरकत? ही गोष्ट कदापि करू नये. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचे आवरण असते. त्यात दीड टक्क्यापर्यंत बाययुरेट चालते. डीईएफसाठी लागणारा युरिया याहून कितीतरी शुद्ध असतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार वेगळेच. हे मिश्रण फवारणीची बारीक छिद्रे बुजवते आणि पुढचा उत्प्रेरक खराब करते. शिवाय अनुदानित युरिया शेतीखेरीज अन्य कामास वापरणे खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे मना आहे. डीईएफ मोहोरबंद डब्यातूनच घ्यावे आणि डबा उन्हात ठेवू नये.

ट्रॅक्टरबाबत थोडक्यात सांगावयाचे तर, ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनावरही संगणक आला. दहा वर्षांनी हे ट्रॅक्टर जुन्या बाजारात येतील, तेव्हा हाच प्रश्न बैलबाजाराशेजारच्या ट्रॅक्टरबाजारात उभा राहील.

गाडी घेतल्यानंतर पीयूसीला जाताना

बॅटरी बदलल्यावर किंवा नोंद पुसल्यावर लगेच पीयूसीला जाऊ नये. पेट्रोल गाडीचा संगणक इंधनाचे प्रमाण सवयीने जुळवत असतो. पुसल्यावर ती सवयही जाते, इंजिन मंद गतीवर अडखळते आणि चांगली गाडीही कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते. थंड कन्व्हर्टरचेही तसेच आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी काढून पहिल्या चौकातल्या केंद्रावर नेण्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटर चालवून न्यावी आणि रांगेत इंजिन फार वेळ बंद ठेवू नये.

खुणा पूर्ण करण्यासाठी रात्रभर गार झालेली गाडी सकाळी सुरू करावी, दोन-तीन मिनिटे उभ्यानेच चालू ठेवावी, गावातून सावकाश काढावी, मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे साठ ते ऐंशीच्या दरम्यान एकच वेग धरावा, दोन-तीन वेळा ब्रेक न लावता पाय काढून गाडी हळू होऊ द्यावी. कंपनीगणिक यात थोडा फरक असतो. एका सकाळी न जमल्यास दोन-तीन दिवस असे करावे. त्यानंतर स्कॅनरवर यादी वाचून तारीख व मीटरचा आकडा यांसह वहीत उतरवून ठेवावी. आपण गाडी विकावयास काढू तेव्हा ही वही घेणाऱ्यास दाखवता येते, आणि तिला ताज्या पीयूसीपेक्षा अधिक किंमत येते असा माझा अनुभव आहे.